लंगड्या मेंढ्यातली वॉल्टरची फेरी

मी बर्फ मागितला.

हे आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमची माझ्याकडून फार मोठी अपेक्षा राहणार नाही. अस्सल इंग्लिश पब, लाकडी काउंटरच्या मागे साठी ओलांडलेल्या इंग्लिश मालकीणबाई, त्यांनी घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने बनवलेली बिअर, आणि मी, नाशिकचा एक वकील, त्या ग्लासाकडे बोट दाखवून म्हणालो की यात थोडा बर्फ घालाल का. बाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"बर्फ खाली धक्क्यावर मिळेल, लव्ह," त्या म्हणाल्या. "तिथे तो माशांवर घालतात."

आता हा अस्सल इंग्लिश पब होता कुठे, तर अमेरिकेत. लोक इंग्लिश पब पाहायला इंग्लंडला जातात, मी कॅलिफोर्नियाला गेलो. त्याला कारण आमचे मेव्हणे.

माझी धाकटी बहीण शकू आणि तिचे यजमान मोहनराव फ्रीमाँटला राहतात. त्यांच्या गल्लीत सगळी घरं एकसारखी, आणि सकाळी सात वाजता प्रत्येक घरातून एक गाडी निघून फ्रीवेला लागते. कुणाला विचारा, तो कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. मोहनरावही तेच करतात. पण अमेरिकेत येण्याआधी ते सात वर्षं इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये होते. माणसाला परदेशात आपल्या गावाची आठवण येते हे मला ठाऊक होतं. मोहनरावांना अमेरिकेत आठवण येते ती यॉर्कशायरची. जन्माने सोलापूरचे, नोकरीने अमेरिकन आणि उसासे टाकायला यॉर्कशायरचे, असा हा तीन खात्यांचा गृहस्थ आहे. बाहेर पाऊस भुरभुरायला लागला की हा माणूस खिडकीशी उभा राहून म्हणतो, "अगदी लीड्ससारखं झालंय." शकू आतून सांगते, "कपडे काढा दोरीवरचे."

मला त्यांच्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते, आणि या तीन आठवड्यांत मला कुणी खिशात हात घालू दिला नव्हता. आपल्या सरकारने प्रवासाला म्हणून दिलेलं परकीय चलन ते केवढंसं. पण तेवढंसुद्धा मी जसंच्या तसं घेऊन हिंडत होतो. हॉटेलात गेलो की मोहनराव पुढे, पेट्रोल भरायला थांबलो की मोहनराव पुढे. आमच्याकडे नाशिकला चार माणसं मिसळ खायला बसली तरी उठताना गल्ल्यापाशी एक छोटी दंगल होते. मी देतो, छे छे, मागच्या वेळी तुम्ही दिलेत, अहो हात काढा. या दंगलीत मी सहसा जिंकतो. माझी एक युक्ती आहे. हात धुवायला म्हणून मध्येच उठायचं आणि गुपचूप पैसे देऊन यायचं. मंडळी दंगलीला येतात तेव्हा दंगल संपलेली असते. तीन आठवडे ही कला वापरायला न मिळाल्यामुळे माझे हात शिवशिवत होते, एवढं लक्षात ठेवा.

त्या शनिवारी शकूला दिवाळीच्या नाटकाची तालीम होती. तिथल्या महाराष्ट्र मंडळाची दिवाळी हॉल मिळेल तेव्हा असते. मोहनराव म्हणाले, दादा, चला, तुम्हाला एक जागा दाखवतो. भाची नीला दारापर्यंत आली आणि तिने मला गाडीत बसवताना बजावलं, "मामा, प्लीज, कुणाशी आर्ग्यू करू नका." मी म्हटलं, मी कशाला आर्ग्यू करतोय. ती म्हणाली, "सी?"

सॅन फ्रान्सिस्को मागे टाकून उत्तरेला लागलो. आधी सोनेरी वाळलेल्या गवताच्या टेकड्या, मग द्राक्षांचे मळे, मग एकदम रेडवुडचं जंगल. ही झाडं इतकी उंच की बघताना माझी टोपी मागे पडली. रस्ता त्यांच्या बुंध्यांमधून अंग चोरून जातो. भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागले. एका वळणावर थांबून आम्ही शकूने बांधून दिलेल्या दशम्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. चांदीच्या कागदात गुंडाळल्यामुळे दशम्यांना जरा लग्नातल्यासारखी कळा आली होती.

या सगळ्या वाटेवर मोहनराव मला पबचे रीतिरिवाज समजावून सांगत होते. तिथे वेटर नसतो. काउंटरवर जाऊन आपलं आपण मागायचं, आपलं आपण उचलून आणायचं. आणि टेबलावर चार माणसं असतील तर प्रत्येकाने आपापलं घ्यायचं नाही, एकाने सगळ्यांसाठी आणायचं. त्याला फेरी म्हणतात. ती संपली की दुसरा उठतो. मी म्हटलं, म्हणजे आपली भिशी. मोहनराव म्हणाले, तसंच काहीसं, पण कोणाचा नंबर हे कुणी बोलत नाही आणि कुणी विसरतही नाही. पुढेही ते बरंच काही म्हणाले. ते काय म्हणाले हे मला सांगता येणार नाही, कारण तेव्हा भिशीचा एक खटला मी कसा जिंकला ते मी त्यांना सांगत होतो.

जंगल संपलं आणि समोर समुद्र आला. आपल्या कोकणच्या समुद्राशी त्याचं काही नातं नाही. करडा, थंडगार, खडकांवर आपटणारा, आणि त्याच्यावर धुक्याचं पांघरूण. कड्यावर लाकडी घरांचं एक छोटं गाव. कधीकाळी इथे लाकडाची मोठी गिरणी होती, रेडवुडचे ओंडके इथून जहाजात भरत. गिरणी बंद पडली, जहाजं बंद झाली, उरली ती वाऱ्याने रंग उडालेली घरं आणि थोडीशी माणसं. गावाच्या टोकाला एक बैठी इमारत, दारावर रंगवलेली पाटी. तिच्यावर एक मेंढा, एका पायाला पट्टी बांधलेला, चेहरा अतिशय दुखावलेला. पबचं नावच 'लंगडा मेंढा'.

मोहनराव गाडी लावायला गेले आणि मी आत जाऊन एका बाकावर ऐटीत बसलो. वेटरची वाट पाहिली. बरीच पाहिली. एकदा खाकरलोही. समोर शेकोटीत लाकडं जळत होती. खोली अंधारी, छत बुटकं, बाकांच्या कडा माणसं बसून बसून गुळगुळीत झालेल्या. टेलिव्हिजन नाही, गाणी नाहीत. अमेरिकेत मी जिथे जिथे गेलो होतो तिथे काहीतरी सतत वाजत होतं. इथे लाकूड तडतडण्याचा आवाज आणि माणसांची बोलणी, एवढंच. मोहनराव आत आले, मला पाहिलं आणि म्हणाले, "दादा, वेटर नसतो." मग मी काउंटरशी गेलो आणि बर्फ मागितला.

मालकीणबाईंचं नाव डॉरिस. यॉर्कशायरच्या. महायुद्धात तिकडे आलेल्या एका अमेरिकन शिपायाशी लग्न करून त्या इकडे आल्या. नवरा गिरणीत होता, तो गेला. मग विधवेला शोभेल असं काही करण्याऐवजी बाईंनी तिकडे त्यांच्या वडिलांचा होता तसा पब काढला. त्या सगळ्यांनाच लव्ह म्हणतात. मला पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी शर्टाची कॉलर सारखी केली. मग त्या पोस्टमनलाही तेच म्हणाल्या.

बर्फाबद्दल क्षमा करून त्यांनी मला त्यांची एल (बिअरचीच जुन्या वळणाची थोरली बहीण) नीट समजावली. बाटलीतली बिअर ही मेलेली, त्या म्हणाल्या. ही जिवंत. पिंपात भरल्यावरसुद्धा ती आतल्या आत आंबत असते. बाहेरून गॅस भरायचा नाही, गोठवायची नाही, हलवायची नाही. तळघराच्या गारव्यात तिला निवांत पडू द्यायचं आणि ती तयार झाली की हातपंपाने वर ओढायची. तो पंप पाहून मला रेशनच्या दुकानातल्या रॉकेलच्या पिंपाची आठवण झाली, पण नीलाला आठवून मी ते बोललो नाही. एकदा पिंप उघडलं की थोड्या दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबट होतं. मी म्हटलं, आमच्या घरच्या दह्यासारखं. बाईंना ते आवडलं असावं, कारण बर्फानंतर पहिल्यांदाच त्या माझ्याकडे बघून हसल्या.

चव सांगायची तर पहिला घोट सरळ काढा. दुसऱ्या घोटाला भाकरीचा करपलेला पापुद्रा. तिसऱ्यापासून माझं त्या ग्लासाशी जमू लागलं. सोबत त्यांनी एक लाकडी फळी पुढे सरकवली: जाड पाव, चीजचा ओबडधोबड तुकडा, आंबवलेला कांदा. याला तिकडे नांगऱ्याचं जेवण म्हणतात. जगात कुठेही जा, शेतात राबणाऱ्याच्या हातात शेवटी कांदाच येतो.

मोहनरावांना तिथे सगळे ओळखत होते. शेकोटीजवळच्या टेबलावर चौघे बसले होते, त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. एक लाल टोपीवाला, सदा खोडकर तोंडाचा. दोन दाढीवाले भाऊ, ते बोटीवर असतात आणि एकमेकांची वाक्यं पुरी करतात. आणि चौथा वॉल्टर. ऐंशीच्या घरातला, उंच, गिरणीत आयुष्य काढलेला माणूस. टेबलावर तो एकटाच टाय लावून बसला होता. हात मिळवताना त्याने माझ्याकडे न बघता माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी पाहिलं. मला वाटलं, माणूस शिष्ट आहे. मोहनरावांनी हळूच सांगितलं की त्याला समोरचं दिसत नाही, डोळ्यांत मधोमध डाग आलाय, फक्त कडेकडेचं दिसतं. म्हणजे तो माझ्याकडेच बघत होता.

मग गप्पा. म्हणजे मी बोललो. नाशिकची द्राक्षं, नाशिकची कोर्टं, आमच्याकडे पक्षकार साक्षीदाराला कसा जेवायला घालून आणतो. मंडळी मनापासून हसत होती. लाल टोपीवाल्याने एक फेरी आणली. ती संपली, मोहनरावांनी एक आणली. ग्लास छोटे, अर्धेच भरलेले, कारण सगळ्यांनाच त्या कड्यावरच्या रस्त्याने घरी जायचं होतं. मध्ये केव्हातरी लाल टोपीवाला मोहनरावांच्या कानाशी लागून बराच वेळ काही सांगत होता. मोहनरावांचा चेहरा उतरला, त्यांनी वॉल्टरच्या खांद्यावर हात ठेवला. हे मी पाहिलं. पण मी तेव्हा शेताच्या बांधाचा एक खटला सांगण्याच्या ऐन रंगात होतो.

ग्लास तळाशी आले. माझ्या मनात हिशेब सुरू झाला. लाल टोपीवाल्याने आणली, मोहनरावांनी आणली. दाढीवाल्या भावांनी आम्ही यायच्या आधी आणली असणार. राहिलो मी आणि हा म्हातारा. आता बिचाऱ्या म्हाताऱ्याला, दिसत नसलेल्या माणसाला, कशाला उठवायचं? तीन आठवडे शिवशिवणाऱ्या माझ्या हातांना हवी ती संधी मिळाली. मी हात धुवायला म्हणून उठलो.

डॉरिसबाई काउंटरमागे ग्लास पुसत होत्या. मी नोट पुढे केली आणि म्हणालो, त्या टेबलाची पुढची फेरी माझी.

त्यांचा हात थांबला. "वॉल्टरला माहीत आहे?"

हा प्रश्न त्यांनी का विचारला हे कुणीही विचारलं असतं. मी वकील असून विचारलं नाही. आमच्या दंगलीत या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं आणि ते मी बिनदिक्कत दिलं. "हो, हो. आमचं ठरलंय."

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्या पंपाच्या दांड्याकडे वळल्या. गडद तपकिरी एल एकेका ग्लासात येऊ लागली. शेवटच्या ग्लासाला पंप फसफसला, खोकला आणि गढूळ काहीतरी टाकून थांबला. बाईंनी दांड्यावर अडकवलेली छोटी पाटी उलटी फिरवली, कोरी बाजू पुढे. पिंप संपलं की पाटी उलटी करायची ही तिकडची रीत. या पिंपातली एल खास होती, वर्षातून एकदाच बनवत त्या, हेही त्यांनी मला सांगितलं. मला वाटलं, माझ्या दिलदारपणाला साजेसंच झालं, खास पिंप मी संपवलं.

ट्रे घेऊन मी टेबलाशी आलो तेव्हा वॉल्टर उभा राहात होता. एक हात टेबलावर, दुसऱ्याने टाय सारखा करत. बाकीचे चौघे त्याच्याकडे बघत होते, लग्नात नवरदेव उठताना बघतात तसे. मी ट्रे ठेवला. ग्लासांचा आवाज झाला. वॉल्टरने मान जरा वळवून कडेच्या नजरेने ट्रेकडे पाहिलं.

"ही माझी होती," तो म्हणाला आणि खाली बसला.

कुणी ग्लासाला हात लावला नाही. मला अजूनही वाटत होतं की हा आपल्याकडचाच प्रकार आहे, अहो असं कसं, हे बरं नाही केलंत, वगैरे. असल्या वेळी जिंकलेल्या माणसाने मोठ्या मनाने एक वाक्य बोलायचं असतं. ते मी बोललो. वॉल्टरच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "पुढच्या वेळी तुम्ही!"

लाल टोपीवाल्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"दादा, खाली बसा," मोहनराव मराठीत म्हणाले, आवाज अगदी खाली. "पुढची वेळ नाहीये. तो उद्या जातोय. कायमचा."

मग मला सगळं कळलं, थोडं मोहनरावांकडून आणि थोडं लाल टोपीवाल्याकडून. वॉल्टरला आता एकट्याने राहणं जमत नव्हतं. टेक्सासात डॅलसजवळ त्याची मुलगी असते, ती त्याला घेऊन जाणार होती. पब उघडला तेव्हापासून दर शनिवारी तो या टेबलावर होता. हे पिंप डॉरिसने त्याच्यासाठीच या आठवड्यापर्यंत राखलं होतं. शेवटची फेरी वॉल्टरने आणायची हे ठरलेलं होतं, म्हणून दुपारपासून सगळे बेताबेताने पीत होते. आणि फेरी आणायची म्हणजे काउंटरपर्यंत स्वतः जायचं, स्वतः मागायचं, भरलेला ट्रे मधली पायरी उतरून स्वतः आणायचा. मुलीच्या घरी त्याला आता पाण्याचा ग्लाससुद्धा हातात मिळणार होता.

लाल टोपीवाल्याने समेटाचा प्रयत्न केला. वॉल्टरने मला पैसे द्यावेत, म्हणजे फेरी त्याची झाली. वॉल्टर म्हणाला की त्याला कुणाचं बिल चुकतं करायचं नाहीये. एक दाढीवाला म्हणाला, दुसऱ्या पिंपातली घेऊ. दुसरा म्हणाला, ती ही नव्हे. टेबलावर सहा ग्लास होते आणि त्यांचा फेस हळूहळू बसत होता.

आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी जास्त बोललो आहे, पण माझ्या बोलण्याने एखाद्या खोलीतली ऊब गेलेली मी पहिल्यांदाच पाहिली. माफी मागावी तर तीही मला लांबलचकच येते. शेवटी मला जे एकच काम येतं ते मी केलं. ट्रे उचलला, तसाच काउंटरवर नेला आणि डॉरिसबाईंपुढे खटला चालवला.

मी म्हणालो, "बाई, तुम्ही विचारलंत की वॉल्टरना माहीत आहे का. मी हो म्हणालो. ते खोटं होतं. खोटं सांगून केलेला व्यवहार, ज्याची फसवणूक झाली त्याला मोडता येतो. फसवणूक तुमची झाली आहे. तुम्ही तो मोडा. मग हे ग्लास अजून विकलेच गेले नाहीत."

बाईंनी फडका खांद्यावर टाकला. "घरी तू काय करतोस, लव्ह?"

"वकिली."

"वाटलंच," त्या म्हणाल्या. त्यांनी माझी नोट माझ्या हातावर ठेवली, ग्लास ट्रेमधून काढून काउंटरवर ओळीने मांडले आणि ती उलटी केलेली पाटी पुन्हा सुलटी फिरवली. मग टेबलाकडे बघून, जणू काही आत्ताच पब उघडला आहे अशा आवाजात विचारलं, "कुणाची फेरी आहे?"

मला वाटलं, म्हातारा उठणार नाही. मी त्याच्या जागी असतो तर उठलो नसतो, भाषण केलं असतं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

वॉल्टर आला. बाकाची पाठ, खांब, मग काउंटरची कड, असं हाताने चाचपत. मी बाजूला झालो आणि निमूट टेबलावर जाऊन बसलो. त्याने बाईंकडे सहा मागितल्या, त्यांनी सहा दिल्या. त्या दोघांत आणखी काहीतरी बोलणं झालं, ते आमच्यापर्यंत आलं नाही. त्याने ट्रे उचलला. टेबलावरचा प्रत्येक जण दुसरीकडे बघत होता: कुणी शेकोटीकडे, कुणी खिडकीतल्या धुक्याकडे. आणि प्रत्येकाचे कान त्या पावलांवर होते. पायरीपाशी पावलं थांबली. माझं अंग आपोआप पुढे झुकलं, आता धावत जाऊन ट्रे धरणार, एवढ्यात मोहनरावांनी टेबलाखालून माझ्या कोटाचं टोक घट्ट पकडलं. मी उठलो असतो तर कोट फाटला असता. पायाने पायरी शोधल्याचा आवाज आला, ग्लास किणकिणले, थोडी बिअर सांडली. मग ट्रे टेबलावर आला, न आपटता.

"गढूळ कुठला?" वॉल्टरने विचारलं. लाल टोपीवाल्याने दाखवला. "तो वकिलाला."

तेव्हा कुठे मंडळी हसली. मी तो प्यायलो. तळाचा गाळ होता, पोटाला दोन दिवस पुरला. मोहनरावांनी मला नुसतं चिअर्स म्हणायला सांगितलं होतं, मी नुसतं चिअर्स म्हणालो.

निघताना वॉल्टरने माझा हात धरला आणि पुन्हा माझ्या कानापलीकडे पाहिलं. "युक्ती चांगली होती," तो म्हणाला. "पण फेस बसला होता." ते खरं होतं. मोडलेला व्यवहार कागदावर मोडतो. फेस बसायचा तो बसतो.

परतताना धुकं रस्त्यावर उतरलं होतं. मोहनराव सावकाश गाडी हाकत होते. मग ते आपणहून बोलले, आणि या वेळी मी ऐकलं. लीड्सला गेले तेव्हा वर्षभर त्यांच्याशी कुणी वाईट वागलं नाही, पण चांगलंही वागलं नाही. कामावरची माणसं शुक्रवारी पबमध्ये न्यायची आणि त्यांना कधी पैसे देऊ द्यायची नाहीत. पाहुणा ना. मोहनराव दर वेळी खिशात हात घालायचे आणि दर वेळी कुणीतरी तो मागे ढकलायचं. मग एका शुक्रवारी एक फोरमन त्यांच्याकडे वळून म्हणाला की काय रे, तुझी फेरी आहे, ऊठ की. "दादा, त्या रात्री मी घरी जाऊन शकूला पत्र लिहिलं," मोहनराव म्हणाले, "की आता ये, इथे आपलं जमेल."

मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. बाहेर काही दिसत नव्हतं. आयुष्यभर मी लोकांचे हात मागे ढकलत आलो आणि त्याला आदर म्हणत आलो. कितीजणांना मी असा माझ्या टेबलावर पाहुणाच ठेवला असेल, याचा विचार करताना रेडवुडचं जंगल कधी आलं आणि कधी गेलं ते कळलं नाही. दिलदारपणात सुद्धा रांग मोडता येते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, मी तेव्हा बोलत असेन.

रात्री बऱ्याच उशिरा फ्रीमाँटला पोचलो. शकू तालमीहून येऊन स्वयंपाकघरात उभी होती. मी तिला सगळं सांगितलं, थोडं रंगवूनच. बर्फाला ती हसली, वकिलीला जास्त हसली, आणि वॉल्टर पायरीशी थांबला तिथे तिने गॅस बंद केला. गोष्ट संपल्यावर तिने आल्याचा चहा गाळून माझ्यापुढे केला.

"अगं, कशाला उगाच," माझ्या तोंडून गेलं.

कप तिने तसाच हातात धरून ठेवला. "आल्यापासून माझ्या हातची एक वस्तू तू हे म्हटल्याशिवाय घेतलेली नाहीस, दादा. वॉल्टर एका दुपारीत सुटला. माझ्याकडे तू अजून महिनाभर आहेस."